कोंबड्यांच्या प्रोबायोटिक पिशव्या: इंदूरच्या पाण्यात किती कामाच्या?

महू, सिमरोल, देपालपूर, सांवेर या पट्ट्यात पन्नास ते पाचशे पिल्लं पाळणारी मराठी घरं आता बरीच आहेत. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळाल्यापासून तर हौसेनं सुरू केलेलं खुराडंही धंद्याच्या हिशेबात बसवायची खटपट चालते. पशुऔषधांच्या दुकानात पिल्लांची औषधं मागितली की काउंटरवर प्रोबायोटिकची, म्हणजे आतड्याला उपयोगी अशा जिवंत जिवाणूंच्या पावडरची, एक चंदेरी पिशवी हमखास पुढे सरकते. ‘भिया, ये डाल दो पानी में, इम्युनिटी बन जाएगी.’ ही इम्युनिटी पिशवीतून बनते का, कधी बनते आणि कधी पिशवी नुसती नालीत जाते, याचं हे परीक्षण. कंपन्यांची नावं दिलेली नाहीत, कारण लेबलं वेगळी असली तरी आतला माल दोन-तीन प्रकारांतच मोडतो. परीक्षण त्या प्रकारांचं आहे.

निकाल आधी सांगतो. पाण्यात विरघळणारी लॅक्टोबॅसिलसची पावडर पहिल्या सात दिवसांत आणि अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर पाचपैकी चार गुणांची, एरवी दोन. खाद्यात मिसळायची बॅसिलसच्या बीजाणूंची (जाड कवचात झोपलेल्या जिवाणूंची) पावडर सरसकट साडेतीन. घरचं ताक दीड, तेही पुण्याईनं. पावडर बरी असली तरी ती देणाऱ्याच्या हातून मरते, हा खरा घोळ. म्हणून गुण देताना पिशवीइतकंच बादलीकडेही पाहिलं आहे.

आतड्याचा प्रतिकारशक्तीशी संबंध काय, हे नीट कळलं तर निम्मे पैसे वाचतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाचं आतडं जवळजवळ रिकामं असतं, म्हणजे त्यात जिवाणूंची वस्ती नसते. गावठी कोंबडीखाली निघालेलं पिल्लू आईच्या पायाशी चोच मारत पहिल्याच दिवशी तिचे जिवाणू उचलतं. हॅचरीच्या पिल्लाला आईच दिसत नाही. त्याला पहिले जिवाणू भेटतात ते ट्रेमधले, गाडीतले, तुमच्या हातावरचे आणि तुसातले. लहान आतड्यातली वस्ती स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, दोन्ही अंधांत्रांतली (लहान आतडं संपतं तिथल्या, एका टोकाला बंद अशा दोन नळ्यांतली) त्याहून बरीच उशिरा. तोवर जागा मोकळी असते. जो आधी येईल त्याची सत्ता.

फिनलंडमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला हा रोगजंतू पसरला तेव्हा नुर्मी आणि रांताला यांनी नेमकं हेच वापरलं. निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज त्यांनी नुकत्याच निघालेल्या पिल्लांना पाजला आणि ती पिल्लं साल्मोनेलाला दाद देईनाशी झाली. हे काम 1973 मध्ये प्रसिद्ध झालं आणि आजचा प्रोबायोटिकचा सगळा बाजार त्याच कल्पनेच्या खांद्यावर उभा आहे. (म्हणून मोठ्या कोंबडीची विष्ठा पाण्यात कालवून पाजायला मात्र जाऊ नका. तिच्यातून रक्ती हगवणीचे परजीवी आणि साल्मोनेलाही येतो. तुमचे पक्षी तपासलेले नसतात.)

जागा अडवणं हे पहिलं काम. दुसरं अधिक महत्त्वाचं: हे जिवाणू पिल्लाच्या प्रतिकारयंत्रणेचे शिक्षक असतात. कोंबडीला माणसासारख्या लसिका गाठी नसतात. तिची यंत्रणा आतड्याच्या भिंतीत, अंधांत्राच्या तोंडाशी असलेल्या टॉन्सिलमध्ये, प्लीहेत आणि बर्सामध्ये वाटलेली असते. बर्सा म्हणजे विष्ठाद्वाराच्या वर, पाठीच्या बाजूला असलेली छोटी पिशवी. प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करणाऱ्या बी पेशी तिथे घडतात. त्यांच्या नावातला ‘बी’ या बर्साचाच. तिचं हे काम ग्लिक आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये दाखवलं, तेही जरा योगायोगानं: बर्सा काढलेले पक्षी वर्गातल्या प्रात्यक्षिकाला वापरले आणि त्यांच्यात प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत.

आता गंमत अशी की बर्साचं तोंड आतड्याच्या शेवटच्या भागात उघडतं. विष्ठाद्वाराच्या आकुंचनानं तिथल्या मजकुराचे कण आत ओढले जातात आणि आतड्यातल्या जिवाणूंचे नमुने थेट बी पेशींच्या शाळेत पोचतात. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या पक्ष्यांची आतड्यातली प्रतिकारव्यवस्था कच्ची राहते आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारं आयजीए हे प्रतिपिंड कमी बनतं. आईकडून बलकातून मिळालेली प्रतिपिंडं दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. तोवर पिल्लाचं स्वतःचं आयजीए सुरू व्हायला हवं. पहिल्या आठवड्याचा सगळा आग्रह याचसाठी.

अंधांत्रातले काही जिवाणू न पचलेल्या तंतूंपासून ब्यूटिरेट नावाचं आम्ल बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात आणि त्यांच्यामधले सांधे घट्ट राहतात. सांधे सैल झाले की आतला ऐवज रक्तात झिरपतो, शरीर कायम लढाईच्या पवित्र्यात राहतं आणि वजनाला लागणारं खाद्य या लढाईत खर्ची पडतं. पिल्लू आजारी दिसत नाही, पण वाढतही नाही. ब्यूटिरेट बनवणाऱ्या त्या जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही, म्हणून ते आपल्या दुकानातल्या साध्या पिशवीत नसतात. पिशवीतले लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल बनवून त्यांना जागा तयार करून देतात, इतकंच. ‘संपूर्ण आतड्याची वसाहत’ असं छापलेलं असेल तर ते वाचून सोडून द्या.

आता पिशवी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. पहिली गोष्ट जिवाणूंची नावं. ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स’ असं दिसलं तर तो मुळात बॅसिलस कोअॅग्युलन्स आहे. जुनं नाव बाजारात चिकटून राहिलंय. हे चुकीचं नाव तुमच्या फायद्याचं, कारण तो बीजाणू करतो आणि उष्णता, थोडं क्लोरीन, दुकानातली मे महिन्याची फळी हे सगळं सोसतो. लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलस, एन्टेरोकॉकस फेशियम आणि यीस्ट हे मात्र नाजूक गडी.

दुसरी गोष्ट आकडा, आणि इथे खरी हातचलाखी चालते. मोजणी सीएफयूमध्ये असते, म्हणजे वसाहत करू शकणारे जिवंत जिवाणू. एका लेबलवर ‘प्रति ग्रॅम 200 कोटी’ आणि शेजारच्यावर ‘प्रति किलो 200 कोटी’ असतं. घाईत दोन्ही सारखेच वाटतात, फरक हजारपटीचा. हिशेब करून पाहू. टनाला 500 ग्रॅम असा डोस असेल, तर पहिल्या पिशवीतून टनात 1 लाख कोटी जिवाणू जातात, म्हणजे खाद्याच्या दर ग्रॅममागे 10 लाख. हे ठीक. दुसरीतून दर ग्रॅममागे फक्त 1,000 पडतात. पिल्लाच्या अंधांत्रात, वस्ती जमल्यावर, ग्रॅममागे 1,000 कोटींहून जास्त जिवाणू असतात. त्यांच्यापुढे हे हजार म्हणजे राजवाड्यावर दिवाळीच्या गर्दीत हरवलेला पाहुणा. खाद्याच्या ग्रॅममागे किमान 1 लाख, शक्य तर 10 लाख, अशी खूणगाठ ठेवा आणि किलोचा भाव विचारायच्या ऐवजी एक लाख कोटी जिवाणूंमागे किती रुपये पडतात ते काढा. स्वस्त पिशवी या हिशेबात बहुतेकदा महाग ठरते.

तिसरी गोष्ट भर, म्हणजे जिवाणू ज्यात मिसळलेत तो पदार्थ. डेक्स्ट्रोज असेल तर पाण्यात विरघळतो. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, असेल तर तो तळाशी बसतो आणि पाणी पाजायच्या पाइपवरच्या निपलच्या जाळीत अडकतो. एक चमचा पावडर काचेच्या पेल्यात कोमट पाण्यात ढवळा, दहा मिनिटं थांबा. तळाशी पांढरा थर राहिला, वरचं पाणी ओतून त्या थरावर व्हिनेगर टाकल्यावर तो फसफसला, तर ती पिशवी खाद्यासाठीच घ्या, पाण्यासाठी नको. तळाशी तपकिरी भुसा राहिला तर तांदळाचा कोंडा आहे, तोही खाद्यातच. बॅच नंबर नाही, तयार केल्याची तारीख खोडलेली किंवा नव्या चिकटपट्टीखाली, किंवा पावडर गोळे होऊन बसलेली असेल तर पिशवी परत करा. पावसाळ्यात उघडलेली पिशवी चार दिवसांत दमट होते. 50-50 ग्रॅमच्या झिपच्या पुड्या करून फ्रिजच्या दारात ठेवाव्यात. बीजाणूवाली कोरड्या कपाटातही टिकते.

आता पाणी. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी शहरात क्लोरीन मारून येतं, आणि ते असायलाच हवं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मोकळं क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम सांगितलंय. माणसाला जे तारतं ते लॅक्टोबॅसिलसला मारतं. नळाखाली बादली भरून तिच्यात लगेच पावडर टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ‘काही फरक पडला नाही’ या तक्रारीमागेही बहुतेक वेळा हीच असते. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना ही अडचण नाही, पण त्यांनी टाकीत ब्लीचिंग पावडर कधी टाकली ते आठवावं.

उपाय सोपा आहे. रात्री रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी उघडं ठेवा, वर जाळीचं फडकं. सकाळी मोकळं क्लोरीन बरंच उडालेलं असतं. घाई असेल तर लसीच्या पाण्यात टाकतात तसं सायविरहित दुधाचं पावडर लिटरला अडीच ग्रॅम मिसळा आणि 20 ते 30 मिनिटं थांबा. भांडी धुतल्यावर साबण किंवा ब्लीचचा वास राहता कामा नये.

शंभर पिल्लांसाठी डोस असा पडतो. ग्रॅममागे 100 कोटींची पावडर असेल तर दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे पिल्लामागे 5 कोटी. लेबलवर यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर आधी लेबल. ती पावडर एका कपभर कोमट पाण्यात (40 अंशांच्या आत, हाताला चटका बसता कामा नये) कालवा, दहा मिनिटं मुरू द्या, मग अर्धा लिटर पाण्यात ओता. शंभर पिल्लं पहिल्या दिवशी दीड-दोन लिटर पाणी पितात, खाद्याच्या साधारण दुप्पट. सगळी पावडर सगळ्या पाण्यात टाकली तर ती संध्याकाळपर्यंत ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याखाली) 33-35 अंशांत ताटकळत राहते. पहिल्याच अर्ध्या लिटरात टाकली तर दोन-तीन तासांत पोटात जाते. पन्नास पिल्लांमागे एक असे दोन छोटे ड्रिंकर हवेत, नाहीतर दांडगी पिल्लं दोन वेळचा डोस पितात आणि कमजोर, म्हणजे ज्यांना गरज आहे तीच, कोरडी राहतात. चार तासांनी उरलेलं ओतून द्या, ड्रिंकर घासून साधं पाणी भरा. पाइप-निपलवाल्यांनी पाइप संध्याकाळी मोकळ्या पाण्यानं फ्लश करावा. पावडरमधल्या साखरेनं पाइपात बुळबुळीत थर धरतो आणि त्या थरात नको ते जिवाणू घर करतात.

हे सात दिवस करा. चौदाव्या दिवसापर्यंत रेटायची गरज क्वचितच.

पिल्लं आल्या-आल्या गुळाचं पाणी देण्याची पद्धत आहे, लिटरला 20-30 ग्रॅम. ते पहिल्या काही तासांपुरतं ठीक, दोन दिवस चालवलं तर मागचा भाग चिकटतो. प्रोबायोटिक त्यातच दिलं तरी चालतं.

दुकानदार ‘चिक किट’ म्हणून देतात त्यात बऱ्याचदा पहिल्या तीन ते पाच दिवसांसाठी एक अँटिबायोटिक आणि एक प्रोबायोटिक असं जोडीनं असतं. ही जोडी म्हणजे एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं तणनाशक मारायचं. एन्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध पहिल्या दिवसापासून ‘सावधगिरी म्हणून’ दिलं की वसाहतीला आलेले चांगले जिवाणूही जातात, मोकळी जागा पुन्हा मोकळी राहते आणि औषध बंद झाल्यावर तिथे ई. कोलाय किंवा साल्मोनेला बसायला मोकळे. औषध खरंच लागलं, पशुवैद्यानं दिलं, तर कोर्स पूर्ण करा आणि शेवटच्या डोसानंतर 24 तासांनी प्रोबायोटिक पाच दिवस द्या. याच जागी ही पिशवी आपली किंमत सर्वात चोख वसूल करते. कोलिस्टिनचं पाकीट अजून कुणी पुढे केलं तर घेऊ नका. खाद्यप्राण्यांसाठी त्याचं उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर भारतात 2019 मध्ये बंदी आली. युरोपियन युनियननं तर वाढीसाठी अँटिबायोटिक द्यायचं 2006 पासूनच बंद केलं, आणि प्रोबायोटिकचा धंदा फोफावला तो बराचसा त्यानंतर.

रक्ती हगवणीवरचं अॅम्प्रोलियम जिवाणूंना मारत नाही, त्यासोबत पावडर चालते. खाद्यात त्याच रोगावरचं सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असेल तर ती ग्रॅम-पॉझिटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंनाही दाबतात, लॅक्टोबॅसिलस त्यातलेच. अशा खाद्यावर महागडी पावडर वाया घालवू नये. लसीच्या दिवशी तिच्याच पाण्यात प्रोबायोटिक कालवू नका, आधी लस पिऊन संपू द्या. प्रोबायोटिकनं लसीची प्रतिपिंडं वाढतात का? काही प्रयोगांत वाढली, काहींत फरक दिसला नाही. लसीची पातळी वाढवण्यासाठी म्हणून पिशवी विकणाऱ्याचं गिऱ्हाईक होऊ नका. आणि गंबोरो हा विषाणूजन्य रोग शिरला तर सगळंच वेगळं: तो विषाणू बर्सातल्या बी पेशीच खातो, तीन ते सहा आठवड्यांच्या वयात सर्वात जोरात. शाळाच जळाली तर शिक्षक काय करणार. त्यावर लसच.

खाद्यातली बॅसिलसवाली पावडर निमूट काम करते. गोळी खाद्य बनताना 75 ते 85 अंशांची वाफ ती सोसते, नाजूक लॅक्टोबॅसिलस सोसत नाहीत. घरी भरडा बनवणाऱ्यांनी 50 किलोला 25 ग्रॅम (टनाला 500 ग्रॅम हाच हिशेब) घ्यावी. पण 25 ग्रॅम थेट 50 किलोवर भुरभुरली तर कुठे मूठभर, कुठे शून्य. आधी किलोभर मक्याच्या बारीक भरड्यात, मग पाच किलोत, मग सगळ्यात. दीड गुण कापले ते याचमुळे: लेबलवर ही पायरी कुणीच छापत नाही.

आपल्या माळव्यात एक खास गोष्ट आड येते: सोयाबीन. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची देशपातळीवरची संघटना ‘सोपा’ (SOPA) इंदुरातच आहे, सोयाबीन घरोघर, आणि म्हणून कुणी कुणी कच्चं सोयाबीन दळून पिल्लांना घालतं. कच्च्या सोयात ट्रिप्सिन हे प्रथिन पचवणारं विकर अडवणारा घटक असतो. प्रथिन पचत नाही, ते तसंच अंधांत्राकडे जातं आणि तिथे क्लॉस्ट्रिडियमसारखे सडवणारे जिवाणू माजतात. वर तुम्ही कितीही प्रोबायोटिक ओता. सोयाबीनची खळ, म्हणजे पेंडही कमी भाजलेली असू शकते. घेताना युरिएज तपासणीचा (खळ किती भाजली ते सांगणाऱ्या चाचणीचा) आकडा विचारा, पीएचमधली वाढ 0.05 ते 0.20 च्या दरम्यान हवी. त्याहून जास्त म्हणजे कच्ची, जवळजवळ शून्य म्हणजे करपलेली असण्याची शक्यता. बुरशी लागलेला मका तर त्याहून वाईट. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषानं बर्सा आणि थायमस ही प्रतिकारयंत्रणेची ग्रंथी दोन्ही आकसतात. 14 टक्क्यांहून ओला मका गोदामात भरू नये.

ताकाबद्दल थोडक्यात. दह्यातले जिवाणू दुधाला सरावलेले, कोंबडीच्या आतड्यात ते फारसे टिकत नाहीत. आम्लामुळे थोडा उपयोग होतो. कोंबडीला दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे जास्त दिलं की पातळ हगवण. पत्र्याच्या भांड्यात तर मुळीच नको, गंज सुटतो.

पावडर लागू पडली का, हे डोळ्यांनी पाहायच्या दोन जागा आहेत. एक, तूस. कोंबडीची नेहमीची विष्ठा पांढऱ्या टोपीची, घट्ट. आणि अधूनमधून अंधांत्राची वेगळी, चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची. ही दुसरी फेसाळ आणि पिवळट दिसू लागली की आत काहीतरी बिघडलंय. नारिंगी चिकट धागे किंवा रक्त दिसलं तर प्रोबायोटिक नव्हे, रक्ती हगवणीचं औषध. दुसरी जागा वजनकाटा. एकाच दिवशीची शंभर पिल्लं एकाच ब्रूडरखाली पत्र्यानं दोन भाग करून ठेवा, एका बाजूला पावडर, एका बाजूला साधं, तेही क्लोरीन काढलेलंच, पाणी. सातव्या आणि एकविसाव्या दिवशी प्रत्येक पिल्लू वेगळं तोला. सरासरीपेक्षा फरक कुठे दिसतो तर एकसारखेपणात: पावडरच्या बाजूला मागे पडलेली किडकिडीत पिल्लं कमी हवीत. सरासरी सारखी आणि मागे पडलेली तेवढीच, तर पुढच्या बॅचला तीच पिशवी घेऊ नका.

तीन-चार आठवड्यांचं पिल्लू कशानंही मेलं तर फेकायच्या आधी हातमोजे घालून उघडा. विष्ठाद्वाराच्या वर पाठीशी चिकटलेला बर्सा आणि जठराजवळची लालसर प्लीहा शेजारी ठेवा. या वयात बर्सा प्लीहेपेक्षा मोठा असायला हवा. लहान, सुरकुतलेला निघाला तर दोष आतड्यातल्या जिवाणूंचा नसून बहुधा गंबोरो किंवा बुरशीच्या विषाचा. दुसरा मेलेला पक्षी न फाडता बर्फात ठेवून पशुवैद्याकडे न्या, महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय या भागाला जवळ पडतं.